फॅमिली घरातनं आणायची

“आण्णा, फॅमिली रूममध्ये बसायला फॅमिली घरातनं घेऊन यायची, का तुमच्याकडंच मिळती?”

झालं. विचारलं एकदाचं. कबड्डीत चढाईला जाताना घेतात तसा छातीभर दम घेतला आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. मध्ये थांबले असते तर पळूनच गेले असते.

मल्लू आण्णा गल्ल्यामागं उभे राहून देवाच्या फोटोला उदबत्ती ओवाळत होते. त्यांचा हात तसाच थांबला. बाकड्यावर मिसळ खाणाऱ्या गड्यांचे चमचे थांबले. कटाची बादली घेऊन फिरणारे तानाजीकाका थांबले. माझ्यामागं आमची अख्खी कबड्डीची टीम उभी होती आणि त्यातल्या दोघी हसू दाबायला स्वतःच्या वेण्या चावत होत्या, हे मला नंतर कळलं.

आण्णांनी उदबत्ती खोचली. चष्मा कपाळावर चढवला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. गुडघ्याला माती, कोपराला माती, टी-शर्टवर पाठीमागं सात नंबर.

“कुणाची गं तू?”

“महादेव पोवारांची.”

“म्हादू जॉबरची? तरीच!”

हे ‘तरीच’ मला अजिबात कळलं नाही. आमच्या घरात पप्पांच्या तोंडातनं दिवसाला मोजके शब्द पडतात. त्यांच्यावरून माझ्या आगाऊपणाला ‘तरीच’ म्हणायचं काही कारण नव्हतं.

“तर ऐक बाळ,” आण्णा म्हणाले, “फॅमिली घरातनं आणायची असती. आम्ही फक्त रूम देतो. जावा, आत बसा.”

सगळं बाकडं हसून हसून हललं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आठवीत होते आणि तोपर्यंत वर्गात हजेरीला ‘हजर’सुद्धा इतकं हळू म्हणायचे, की बाई मला दोनदा गैरहजर लावून मोकळ्या झाल्या होत्या. कबड्डीनं माझा आवाज सोडवला. ‘कबड्डी कबड्डी’ हे हळू म्हणताच येत नाही, पंच बाद देतात. तर दिवाळीच्या सुट्टीत जिल्ह्याच्या सामन्यांसाठी आमचा सराव चालला होता आणि मिस्बाह बागवाननं पैज लावली होती. सरावात आज जी पहिल्यांदा बाद होईल, तिनं आण्णांना हा प्रश्न विचारायचा. प्रश्न भक्ती कांबळेनं तयार केलेला. भक्ती स्वतः काही करत नाही, ती फक्त कल्पना पुरवते.

पहिली बाद कोण झालं ते सांगायला नको.

आमच्या इचलकरंजीत सगळ्या गोष्टी यंत्रमागाच्या तालावर चालतात. रातपाळी सुटली की रस्ते भरतात आणि रातपाळीचे गडी घरी जायच्या आधी मल्लू आण्णांच्या बाकड्यावर बसतात. आण्णांची मिसळ म्हणजे कट. कट म्हणजे मिसळीवर ओततात तो लालभडक, तर्रीदार रस्सा. तो मागाल तेवढा मिळतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मटकी, फरसाण, कांदा, ब्रेडच्या स्लाइस हे सगळं आपलं निमित्त. खरा खायचा असतो तो कट. तानाजीकाका बादली घेऊन “कट, कट, कट!” असं ओरडत फिरतात आणि ताट रिकामं दिसलं की पळीभर ओततात.

आमच्या शाळेची मुलांची टीम सराव संपला की थेट त्या बाकड्यावर बसायची. आम्ही मुली काय करायचो? पार्सल. घरी जाऊन पिशवी सोडायची, तोवर कट गार आणि ब्रेड ओला. म्हणून त्या दिवशी आम्ही ठरवलं होतं, काही झालं तरी आज गरम खायची. आणि मुलींनी गरम खायची जागा एकच होती. बोर्डच होता ना बाहेर: ‘फॅमिली रूमची सोय आहे.’

सोय बघून आम्ही सातही जणी दारातच थबकलो.

प्लायवूडची भिंत. मेंदीच्या रंगाचा पडदा, त्याला मधोमध हात पुसून पुसून काळा पट्टा पडलेला. आत दोन टेबलं आणि उरलेल्या जागेत बटाट्याची पोती. सुताच्या एका व्यापाऱ्याचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर. सुतळीनं खिडकीला बांधलेला पंखा, त्याला बटण होतं पण वायर नव्हती. (आता तिथं फक्त बटाटे बसतात. ते पुढं येईलच.)

“फॅमिली आधीच बसलीय की,” भक्ती पोत्यांकडं बघून म्हणाली.

मिसळ आली. प्रत्येकीच्या ताटाबरोबर कटाची एकच छोटी वाटी. वाटी दोन घासांत संपली. मग खरी मजा सुरू झाली, म्हणजे मजा बाहेरच्यांची.

“तानाजीकाका, कट!” मिस्बाह ओरडली.

“आलोच!” बाहेरून आवाज आला. प्लायवूडला एक फट होती. तिच्यातनं आम्हाला बादली दिसली. बादली पडद्याच्या दिशेनं निघाली, वाटेत एका गड्यानं ताट पुढं केलं, दुसऱ्यानं केलं, बादली वळली.

“काका, कट!”

“आलो आलो!”

बादली परत निघाली, परत वळली.

“माझ्या घशात ब्रेड अडकलाय,” मिस्बाह म्हणाली. “मी इथं मेलो तर बाहेर सांगतील, पोरगी फॅमिली रूममध्ये गेली, चांगल्या घरची होती.”

“हळू बोल. बटाटे ऐकालेत,” भक्ती म्हणाली.

इथं एक सांगून ठेवते. आमच्या कोल्हापूरच्या भागात पोरी ‘मी येतो, मी जातो, मी मेलो’ असंच बोलतात. लिहिताना मी ‘म्हणाले’ लिहितेय, कारण मराठीच्या सुतार बाई ‘म्हणालो’ दिसलं की लाल पेनानं पान फाडतात. आणि घरी आई आहे. ती बार्शीची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मी “जातो गं” म्हटलं की ती स्वयंपाकघरातनं ओरडते, “जाते म्हण! पोरगी ना तू?” माझ्या आयुष्यातलं निम्मं बोलणं आईनं दुरुस्त केलेलं आहे.

तिसऱ्यांदा बादली वळली तेव्हा मी ताट उचललं.

मला काही शूर वगैरे वाटलं नव्हतं, खरंच. भूक लागली होती. आणि एकदा तो प्रश्न विचारून झाल्यावर भीती तशीही निम्मी झाली होती. मी पडदा बाजूला केला, बाहेर आले आणि खांबाजवळची एक मोकळी जागा बघून बाकड्यावर बसले. माझ्यामागून मिस्बाह, मग भक्ती, मग बाकीच्या. सात ताटं टेबलाच्या पत्र्यावर टणाटणा वाजली.

समोरच्या गड्यानं बाकड्यावर घेतलेला पाय खाली सोडला. दुसऱ्यानं शर्टाची बटणं लावली. एकजण अर्धी मिसळ टाकून उठलाच.

“ए पोरींनो,” आण्णा गल्ल्यावरून ओरडले, “आत. आत बसा.”

“आत कट येत न्हाई आण्णा,” मी म्हणाले.

“देतो की पाठवून.”

“तीनदा पाठवलासा. वाटेतच संपला.”

कोणीतरी हसलं. आण्णा हसले नाहीत. ते गल्ला सोडून बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, ओरडणार. पण ते अगदी हळू, समजावून सांगायला लागले, आणि ओरडण्यापेक्षा तेच अवघड होतं.

“हे बघ बाळ, मी काय तुमचा दुश्मन न्हाई. माझ्या पण नाती हाईत तुमच्याएवढ्या. पण हे गडी रातभर मागाजवळ उभं असत्यात. इथं येऊन पाय वर घेत्यात, बनियनवर बसत्यात, चार शिव्या देत्यात, तवा कुठं त्यांचं डोकं शांत हुतंय. तुम्ही बसला की ते अवघडत्यात. आत्ता एक उठला, बघितलंस न्हवं? त्यो उद्या पलीकडच्या गाड्यावर जाणार. आणि माझं सगळं सकाळच्या ह्या बाकड्यावर चालतंय. आधीच…”

“आधीच काय?” मिस्बाहनं विचारलं.

आण्णांनी बाकड्याकडं बघितलं. आम्ही पण बघितलं. लांबलचक बाकडं, आणि मध्ये मध्ये माणसं.

“आधीच निम्मं माग भंगारात गेलेत,” आण्णा म्हणाले.

“मग निम्मं बाकडं रिकामंच हाय की,” भक्ती म्हणाली. कल्पना पुरवायची सवय.

आण्णांचा चेहरा ताठ झाला. “बाई माणूस बाहेर बसत न्हाई. एवढंच हाय. उठा.”

आता काय बोलायचं? आण्णांचं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. मी सुतार बाईंना आठवलं. खरं म्हणजे बाईच आठवल्या, त्यांचा लाल पेन आणि फळ्यावरचे पुल्लिंग-स्त्रीलिंगाचे दोन रकाने.

“आण्णा,” मी म्हणाले, “गडी एकटा असला की काय म्हणतोय? मी बसतो.”

“व्हय.”

“बाई एकटी असली की, मी बसते.”

“मग? तेच सांगालोय. फरक हाय.”

“आणि सात गडी असले की?”

“आम्ही बसतो.”

“आणि सात पोरी असल्या की?”

आण्णांनी चष्मा परत कपाळावर चढवला.

“आम्ही बसतो,” मीच म्हणाले. “आम्ही बसत्या असं कुणी म्हणतं का? एकटी असली तरच वेगळं. सगळ्या मिळून गेल्यावर मराठीत पण वेगळं बाकडं न्हाई, आण्णा. हे मी न्हाई म्हणत, आमच्या बाई म्हणत्यात.”

टॉवेल गळ्यात टाकून बसलेले एक म्हातारे होते, त्यांना खाता खाता ठसका लागला. “आण्णा, व्याकरणात पकडलं की ओ पोरीनं! आता सुटा बघू!”

हसण्याची एक लाट आली. तिच्यात आण्णासुद्धा वाहून जातायत असं मला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात त्यांची नजर माझ्या डोक्यावरून दाराकडं गेली.

“आला बघ तुझा बाप,” ते म्हणाले. “आता त्यालाच विचारू. म्हादू, तूच सांग रे बाबा तुझ्या पोरीला.”

दारात पप्पा उभे होते. केसांवर कापसाचा तूस, भुवया पांढऱ्या, हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे. पप्पा जॉबर आहेत. माग बिघडला की दुरुस्त करायला ज्याला हाक मारतात, तो जॉबर. त्यांनी मला बघितलं, मग माझ्या शेजारच्या सहा जणींना बघितलं, मग मी बसले होते ती खांबाजवळची जागा बघितली.

माझ्या हातात ब्रेडचा तुकडा होता, तो तसाच राहिला. पप्पांनी नुसतं ‘ऊठ’ म्हटलं असतं तरी मी उठले असते. आणि मी उठले असते तर सातही जणी उठल्या असत्या, आणि मग त्या बाकड्यावर परत कधी कोणी पोरगी बसली नसती. कबड्डी बंद झाली असती ती वेगळीच. कबड्डीला पाठवायचं की नाही यावरून घरात आधीच आई आणि आजोळची मंडळी यांचं फोनवर जोरात चाललं होतं, आणि पप्पांनी त्यावर अजून एक शब्दही काढलेला नव्हता.

पप्पा वळले आणि बाहेर गेले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “कट तिखट हाय,” मी म्हणाले. माझ्या ताटात कटाचा थेंब नव्हता. मिस्बाहनं टेबलाखाली माझा हात धरला, सामन्यात साखळी करताना धरतो तसा, घट्ट.

बाहेर पिंपातलं पाणी वाजलं. एक तांब्या, अजून एक तांब्या. पप्पा परत आत आले ते ओले हात पँटला पुसत. थेट माझ्याजवळ आले.

“सरक.”

“आँ?”

“सरक की जरा. माझी जागा हाय ती.”

मी सरकले. मिस्बाह सरकली. सातही जणी ओळीनं सरकल्या आणि टोकाची भक्ती बाकड्यावरून पडता पडता राहिली. पप्पा बसले. माझ्या ताटात वाकून बघितलं, शेजारच्या ताटात बघितलं, आणि मी घरात कधीही ऐकला नव्हता अशा आवाजात पप्पा ओरडले,

“तानाजी! पोरी कोरडं खायलेत! हाटेल चालवतोस का उपास करवतोस रे?”

बाकड्यावर जो दंगा झाला म्हणता! तानाजीकाका बादली घेऊन पळतच आले. टॉवेलवाले आजोबा टेबल बडवायला लागले, “म्हादू, कॉमेंट्री! कॉमेंट्री!”

“आज नको,” पप्पा म्हणाले. “पोरगी बसलीय.”

“पोरगी बसलीय म्हणून तर!”

मी म्हटलं, कसली कॉमेंट्री? पप्पांनी घसा साफ केला. चमचा उलटा करून तोंडासमोर धरला.

“तर श्रोतेहो, मैदान आहे मल्लू आण्णांचं. हवा थंड आहे, कट गरम आहे. लाल रंगाची बादली चढाईला निघालेली आहे. कोपऱ्यावर बागवानांची पोरगी उभी आहे, नजर बादलीवर, ताट तयार… घेतला! कट घेतला! डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, पण पोरगी मैदान सोडायला तयार नाही! तिकडं पोवारांची समृद्धी. ब्रेड बुडवला. जास्त बुडवला. ब्रेड उचलतेय… ब्रेड तुटला! ब्रेड बाद, श्रोतेहो, ब्रेड बाद!”

माझा ब्रेड खरंच तुटून कटात पडला होता.

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. सगळे हसत होते. तो शर्टाची बटणं लावणारा गडी हसता हसता परत पाय वर घेऊन बसला आणि आमच्याकडं बघून “चालतंय न्हवं?” म्हणाला. मिस्बाह म्हणाली, “चालतंय की मामा,” आणि तिनं पण पाय वर घेतला. पप्पांनी चार वेळा कट घेतला. प्रत्येक वेळी नवीन कॉमेंट्री. कोणता गडी मालकाला कसा घाबरतो, कोणाचा माग कसा बायकोसारखा रुसतो, सगळ्यांच्या नकला. मग मला समजलं आण्णांचं ते ‘तरीच’.

मी पप्पांकडं बघतच राहिले. हा माणूस आमच्या घरात राहतो?

घरातले पप्पा सांगू का कसे? दार उघडतात. “आलो.” आंघोळ. “झोपतो.” संध्याकाळी उठतात. “चहा.” “निघतो.” संपलं. आई सकाळी शिलाईच्या युनिटात जाते, तिथं शर्टांच्या कॉलरी शिवते. पप्पांची रातपाळी, तिची दिवसपाळी. पप्पा येतात तेव्हा ती दारात चपला घालत असते. दोघं भेटतात ती उंबऱ्यात. मला वाटायचं, पप्पांना बोलायला आवडत नाही. पण त्यांचं सगळं बोलणं घरी यायच्या आधी इथं, ह्या खांबाजवळ खर्च होत होतं.

“पप्पा, कट फुकट का देतात?” भक्तीनं विचारलं. ती पप्पांना पप्पाच म्हणायला लागली होती.

“का म्हणजे? मागवाल्याला पोट भरायला पाहिजे आणि खिशाला झेपायला पाहिजे. एका ताटात दोन्ही जमवायचं तर कटच वाढवायला लागतंय. आण्णांच्या वडिलांनी सुरू केलं. मागवाल्यांसाठी.” पप्पा थांबले आणि चमच्यानं रस्त्याकडं खूण केली. “आता ते बघा आण्णा.”

रस्त्याच्या पलीकडनं बायका चालल्या होत्या. घोळक्या-घोळक्यानं, खांद्याला डब्याच्या पिशव्या. शिलाई युनिटातल्या. आण्णांच्या हॉटेलाकडं न बघता, पलीकडच्या कडेनं, भराभर.

“बघालोय की,” आण्णा म्हणाले. “रोजच जात्यात.”

“आठवड्याचा पगार त्यांना पण हुतोय, आण्णा. आणि भूक पण सकाळीच लागती.”

शेवटची बाई वळून दिसेनाशी होईपर्यंत आण्णा रस्त्याकडं बघत उभे राहिले. मग बाकड्याच्या रिकाम्या टोकाकडं बघितलं. मग तानाजीकाकांना म्हणाले, “बटाट्याची पोती लई वाटेत येतात रे. सगळी आतच ढकलून ठेव.”

आम्ही उठलो तेव्हा आण्णांनी पप्पांच्या हातात न मागता एक पिशवी दिली. “वहिनींचं.”

शनिवारी पप्पा आईसाठी पार्सल नेतात, हे मला माहीत होतं. पण ते बांधताना कधी बघितलं नव्हतं. कट प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोऱ्याची गाठ, लाल फुग्यासारखा लोंबणारा. फरसाण कागदात. ब्रेड वेगळा.

पोरी पांगल्या. मी आणि पप्पा घराकडं निघालो.

“पप्पा, आई हे कधी खाते?”

“दुपारी. युनिटात.”

“दुपारी? गार?”

“हं.”

“एकटी?”

घर जसजसं जवळ येत होतं तसतसा पप्पांचा आवाज पिशवीसारखा दोरा बांधून बंद होत होता, मला दिसतच होतं.

“आवडतं तिला,” ते शेवटी म्हणाले.

“कोण म्हणालं?”

“कोण म्हणणार? ती कधी काय बोलली न्हाई.”

“तुम्ही तरी कुठं बोलताय?”

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कॉमेंट्री करताना बादलीकडं बघत होते तसं, आता ही कुठं वळते बघू, असं.

आई दारातच होती. एक चप्पल पायात, एक हातात.

“कुठं होतीस गं? आणि हे तोंड किती लाल! ताप आहे का?”

“कट हाय.”

“आलो,” पप्पा म्हणाले आणि दर शनिवारसारखी पिशवी पुढं केली. आईनं तसाच हात पुढं केला. त्या दोन हातांच्या मध्ये मी माझा हात घातला आणि पिशवी काढून घेतली.

“पार्सल बंद,” मी म्हणाले.

“काय?”

“हे शेवटचं. पुढच्या शनिवारपासून आपल्या घरात पार्सल येणार न्हाई. आई, पप्पा तिकडनं सुटतात, तू इकडनं निघतीस आणि मध्ये मल्लू आण्णांचं बाकडं हाय. तू रोज त्याच्यासमोरनं जातीस, पलीकडच्या कडेनं. शनिवारी अलीकडच्या कडेनं यायचं. तिथं भेटायचं. गरम खायचं. मग तू युनिटात जा, पप्पा झोपायला जातील.”

“मी? बाकड्यावर?” आईच्या हातातली चप्पल खाली पडली. “एवढ्या गड्यांत? डोकं फिरलंय का? युनिटातल्या सगळ्या बायका बघतील मला!”

“बघू देत. बघितल्याशिवाय त्या येणार कशा?”

“अहो, सांगा की हिला काहीतरी!”

पप्पा उंबऱ्याबाहेर उभे. एक हात चौकटीला. मला वाटलं, आता ‘झोपतो’ म्हणणार. त्यांनी घसा साफ केला. मूठ तोंडासमोर धरली.

“तर श्रोतेहो,” ते अगदी हळू म्हणाले, “बार्शीच्या संघाला घाम फुटलेला आहे…”

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. मग परत त्यांच्याकडं. आणि मग तिला असं हसू आलं, की ती भिंतीला टेकून खालीच बसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. “हे काय? हे काय ओ? हे कधीपासनं?”

“रोजचंच हाय हे,” मी म्हणाले. “फक्त तुला पार्सलमध्ये येत नव्हतं.”

आईनं डोळे पुसले. “मी एकटी बाई तिथं कशी बसते, सांग बरं?”

“आण्णांनी सांगितलंय, फॅमिली घरातनं आणायची असती. तर शनिवारी मी फॅमिली घेऊन येतो.”

“येते,” आई हसता हसताच म्हणाली. “येते म्हण.”

“एकटी असते तर येते म्हटलं असतं, आई. तिघं हाय. शनिवारी आपण बाहेर बसतो.”